प्लायच्या शीटवर वेडेवाकडे पीस बसवायचे कसे: नागपुरात नवीन काम सुरू करणाऱ्यांसाठी फुकट आणि स्वस्त सॉफ्टवेअर

तान्ह्या पोळ्याचे बैल, गणपतीचं मखर, लहान मुलांचा झुलता घोडा, कमानीदार पाठीची खुर्ची. प्लायमधून यातलं काहीही करायला घेतलं, की पहिल्याच ऑर्डरला प्रश्न येतो: एवढे पीस किती शीटमध्ये बसतील? दरवाजे-कपाटं करणारा मिस्त्री हा हिशोब तोंडी करतो, कारण त्याचे सगळे पीस चौकोनी असतात. बैलाचं वशिंड, शिंगं आणि पाय चौकोनात मोजायला गेलं तर शीटचा बराच भाग वाया जातो आणि तो पैसा ग्राहक देत नाही.

असे वेडेवाकडे पीस शीटवर कमीत कमी जागेत बसवून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला नेस्टिंग सॉफ्टवेअर म्हणतात. महागडी पॅकेजेस मोठ्या फॅक्टऱ्यांसाठी असतात. लकडगंजातून चार-सहा शीट आणून काम करणाऱ्याला फुकट मिळणारी साधनं पुरतात, फक्त ती नीट वापरावी लागतात. ती कशी वापरायची आणि पैसे मोजायची वेळ कधी येते, ते इथे क्रमाने सांगतो. उदाहरण म्हणून तान्ह्या पोळ्याचाच बैल घेऊ: १२ मिमी प्लायचा, खाचेत खाच बसवून उभा राहणारा, खाली पाट आणि पाटाला चार चाकं.

पहिली पायरी: काम चौकोनी आहे की वेडंवाकडं?

हे आधी ठरवा, कारण दोन्हींची सॉफ्टवेअर वेगळी आहेत. नेटवर शोधलं की पहिल्यांदा सापडतात ती बहुतेक चौकोनी कामाचीच. कटलिस्ट ऑप्टिमायझर, मॅक्सकट, स्केचअपमध्ये चालणारं ओपनकटलिस्ट ही सगळी कपाट, ड्रॉवर, शेल्फ अशा कामाला उत्तम आहेत. लांबी-रुंदी आणि नग टाका, कटिंगचा नकाशा तयार. पण त्यांना बैलाची पाठ कळत नाही. बैलाभोवती ती एक चौकट धरतात आणि चौकटीला चौकट लावून ठेवतात. पोटाखालची, शिंगांमधली, मानेखालची जागा त्यांच्या लेखी भरलेलीच असते.

तुमचे दहापैकी आठ पीस चौकोनी असतील तर याच साधनांवर थांबा. उरलेले दोन हाताने बसवता येतात. बहुतेक पीस वळणाचे असतील तरच पुढे वाचा.

दुसरी पायरी: सॉफ्टवेअर उघडण्याआधी क्षेत्रफळ काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. सगळ्यात जास्त पैसा मात्र इथेच वाचतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका बैलाच्या सगळ्या भागांचं खरं क्षेत्रफळ काढा. इंकस्केप हे फुकट ड्रॉइंग सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात एक्स्टेन्शन्सखाली ‘मेझर पाथ’ आहे, तिथे लांबीऐवजी क्षेत्रफळ निवडा. ऑटोकॅडमध्ये ‘एरिया’ कमांड आहे. उत्तर चौरस मिलिमीटरमध्ये आलं तर ९२,९०३ ने भागा म्हणजे चौरस फूट मिळतात. प्लायचा भाव फुटावर असतो, तेव्हा हिशोबही फुटातच ठेवलेला बरा.

समजा एका बैलाचा पूर्ण सेट ०.९ चौरस फूट भरला. ८×४ ची शीट ३२ चौरस फुटांची. चारही कडा १०-१० मिमी सोडल्या तर वापरायला २४२० × १२०० मिमी, म्हणजे साधारण ३१.२५ चौरस फूट उरतात. दोन शीटचे साडेबासष्ट.

आता तीन ऑर्डर बघा. ४० बैल असतील तर ३६ चौरस फूट लागतात. एका शीटमध्ये ते कोणत्याही सॉफ्टवेअरने बसणार नाहीत. दोन शीटमध्ये जेमतेम ५८ टक्के जागा भरते, म्हणजे थोडं लक्ष देऊन हातानेही बसतील. इथे सॉफ्टवेअर लावून एकही शीट वाचणार नाही. ६० बैल असतील तर ५४ चौरस फूट लागतात आणि दोन शीट ८६ टक्के भरायला हव्यात. वळणाचे पीस आणि मध्ये राउटरच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कापायच्या मशीनच्या) बिटची, म्हणजे फिरत्या पात्याची, जागा धरली तर एवढी भरती फार कठीण आहे. सरळ तीन शीट धरून भाव सांगा. ५० बैल असतील तर मात्र ४५ चौरस फूट, म्हणजे दोन शीटचे ७२ टक्के. चौकटीला चौकट लावून ठेवलंत तर तिसरी शीट लागण्याची शक्यता मोठी आहे, आणि आकारात आकार अडकवून बसवलंत तर दोनात काम होऊ शकतं. नेस्टिंगची किंमत वसूल होते ती अशा ऑर्डरवर.

सॉफ्टवेअर ‘७४ टक्के वापर’, ‘७७ टक्के वापर’ असे आकडे दाखवतं. ते बघून हुरळून जाऊ नका. दुकानदार तुम्हाला तीन टक्के शीट विकत नाही. दोन शीटच्या दोनच राहिल्या तर ७४ आणि ७७ मध्ये फरक फक्त उरलेल्या तुकड्याचा. तो तुकडा सलग आणि कामाचा असेल तर फायदा, कातरणासारखा विखुरलेला असेल तर काहीच नाही.

तिसरी पायरी: शीट हातात घेऊन मोजा

कागदावर ८×४ म्हणजे २४४० × १२२० मिमी. दुकानातल्या शीटमध्ये दोन-चार मिलिमीटरचा फरक निघतो, कोपरा काटकोनात नसतो, कड दबलेली असते. दोन्ही कर्ण मोजा. शीट चौकस असेल तर दोन्ही सारखे, २७२८ मिमीच्या आसपास येतात. दोघांत पाच-सात मिलिमीटरचा फरक असेल तर कडेची सोड वाढवा.

जाडीही मोजा, आणि टेपने नको, व्हर्नियर कॅलिपरने. १२ मिमी म्हणून घेतलेली प्लाय ११.५ भरू शकते, १८ ची १७ च्या घरात निघू शकते. खाचेत खाच बसवायच्या कामात अर्धा मिलिमीटर म्हणजे बैल उभा राहील की लुळा पडेल याचा प्रश्न. त्यात तान्हा पोळा येतो ऑगस्ट-सप्टेंबरात, ऐन ओलाव्याच्या दिवसांत. उन्हाळ्यात आणून ठेवलेली कोरडी शीट तोवर थोडी फुगते. म्हणून खाचेची रुंदी कापायच्या आठवड्यात मोजलेल्या जाडीवरून ठरवा आणि ०.२ ते ०.३ मिमी ढील द्या. एका टाकाऊ तुकड्यावर दोन खाचा कापून बसवून बघितल्याशिवाय पूर्ण शीट मशीनवर चढवू नका.

प्लाय घेताना पुढची मशीनही डोळ्यासमोर ठेवा. राउटरला एमआर (ओलावा सोसणारी), बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारी), मरीन सगळं चालतं. लेझरवर कापणार असाल तर आयएस ७१० या भारतीय मानकाची मरीन प्लाय टाळा. तिच्यातला फिनॉलिक गोंद लेझरला नीट कापू देत नाही, कड कोळशासारखी काळी पडते. घरात राहणाऱ्या खेळण्याला आयएस ३०३ ची एमआर ग्रेड पुरते.

चौथी पायरी: ड्रॉइंग साफ करा

नेस्टिंगमध्ये नव्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. सॉफ्टवेअरला प्रत्येक पीस एका बंद रेषेचा लागतो. शिंगाच्या टोकाशी रेषा अर्धा मिलिमीटर उघडी राहिली असेल तर तुम्हाला शिंग दिसतं, सॉफ्टवेअरला लटकती दोरी.

इंकस्केपमध्ये प्रत्येक आकार निवडून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा. उघडी टोकं नोड टूलने जोडा. एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषा शोधा: एक रेषा उचलून बाजूला सरकवली आणि खाली तशीच दुसरी दिसली तर ती काढून टाका. दुहेरी रेषा राहिली तर मशीन त्याच जागी दोनदा फिरतं आणि कड खराब होते. बैलाच्या पाटावर मुलाचं नाव कोरायचं असेल तर तेही पाथ करून घ्या. नाहीतर दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो मराठी फॉण्ट नसला की अक्षरं विस्कटतात. पण पहिल्या चाचणीला नावं वगळूनच ठेवा, फक्त बाह्यरेषा आणि खाचा घ्या.

खाचेच्या आतल्या कोपऱ्याकडे इथेच लक्ष द्या. ६ मिमीचा गोल बिट काटकोनी कोपरा कापूच शकत नाही, कोपऱ्यात ३ मिमी त्रिज्येची गोलाई राहते आणि समोरचा पीस तळापर्यंत जात नाही. म्हणून आतल्या प्रत्येक कोपऱ्यात बिटएवढं छोटं गोल कान काढतात, त्याला डॉगबोन म्हणतात. मशीनवाला हे आपणहून करून देईलच असं धरून चालू नका.

शेवटी फाईलमध्ये १०० × १०० मिमीचा एक चौकोन घाला. तो कापायचा नाही, तो माप तपासण्यासाठी. इंकस्केप ०.९२ पासून एका इंचाला ९६ पिक्सेल धरतं, त्याआधीच्या आवृत्त्या ९० धरत होत्या, इलस्ट्रेटर ७२ धरतं. फाईल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात गेली की या फरकाने सगळा बैल गुपचूप लहान किंवा मोठा होतो. तुमचा १०० चा चौकोन तिकडे १३३ किंवा ७५ दिसला तर ९६ आणि ७२ चा घोळ झाला असं लगेच ओळखता येतं.

पाचवी पायरी: नेस्टिंग करा

सुरुवातीला दोन नावं लक्षात ठेवा: एसव्हीजीनेस्ट आणि डीपनेस्ट. दोन्ही एकाच कुळातली, दोन्ही मुक्त स्रोत, दोन्ही फुकट.

एसव्हीजीनेस्ट ब्राउझरमध्येच चालतं. काही इन्स्टॉल करावं लागत नाही आणि हिशोब तुमच्याच कॉम्प्युटरवर होतो. एकाच एसव्हीजी फाईलमध्ये (इंकस्केप ड्रॉइंग ज्या प्रकारात साठवतं ती फाईल) शीटचा आयत आणि सगळे पीस काढा, फाईल टाका, आयतावर क्लिक करून ही शीट आहे असं सांगा आणि सुरू करा. नेस्टिंग म्हणजे काय ते अर्ध्या तासात कळायला याच्यासारखं साधन नाही. अडचण एवढीच की नग लिहायची सोय नाही. पन्नास बैल हवे असतील तर पन्नास प्रती फाईलमध्येच काढाव्या लागतात.

रोजच्या कामाला डीपनेस्ट घ्या. ते विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं. मूळ प्रकल्पाची गती मंदावल्यावर लोकांनी त्याची पुढची आवृत्ती सांभाळायला घेतली, ती डीपनेस्ट-नेक्स्ट नावाने मिळते. एसव्हीजी फाईल ते थेट वाचतं. डीएक्सएफ (ऑटोकॅडसारख्या सॉफ्टवेअरमधून निघणारी ड्रॉइंग फाईल) मात्र रूपांतरासाठी नेटवरून बाहेरच्या सर्व्हरकडे पाठवतं. ग्राहकाचं डिझाइन बाहेर जाऊ द्यायचं नसेल किंवा नेट धड नसेल तर सगळं काम एसव्हीजीतच करा.

त्यातला क्रम असा. आधी पीसांची फाईल इम्पोर्ट करा. प्रत्येक पीससमोर नग लिहा: अंग ५०, पुढच्या पायांची जोडी ५०, मागच्या पायांची ५०, शिंगं ५०, पाट ५०, चाकं २००. मग २४२० × १२०० चा आयत घ्या आणि त्याच्यासमोर ‘शीट’ची खूण करा. इथे २४४० × १२२० लिहायचं नाही. कडेची सोड आधीच वजा करून ठेवली की पुढे काही लक्षात ठेवावं लागत नाही.

आता सेटिंग्जमध्ये जा. सगळ्यात आधी एसव्हीजीचं स्केल बघा आणि मघाचा १०० चा चौकोन तपासा.

‘स्पेस बिट्वीन पार्ट्स’ म्हणजे दोन पीसांमधलं अंतर. ६ मिमी बिट असेल तर इथे ८ लिहा: सहा बिटचे, दोन सुरक्षेचे. हा आकडा छोट्या पीसांना महाग पडतो. ६० मिमीच्या चाकाभोवती ८ मिमीचं अंतर ठेवलं की ते ६८ मिमीच्या चाकाएवढी जागा खातं, म्हणजे २८ टक्के जास्त. बिट ३ मिमीचा आणि अंतर ४ ठेवलं तर हेच १४ टक्क्यांवर येतं. पण ३ मिमीचा बिट १२ मिमी प्लायमध्ये हळू चालवावा लागतो, थराथराने खाली उतरवावा लागतो, मोडतोही लवकर. वाचलेली प्लाय आणि वाढलेला मशीनचा वेळ समोरासमोर मांडून बघा. माझं मत विचाराल तर २०० चाकांसाठी बिट बदलण्यापेक्षा चाकं शीटच्या उरलेल्या तुकड्यांतून, होल सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) काढलेली बरी.

‘पार्ट रोटेशन्स’ म्हणजे पीस किती दिशांना फिरवून बघायचा. ४ लिहिलं तर चार दिशा, २ लिहिलं तर फक्त सरळ आणि उलटा. याच्याबद्दल खाली वेगळं सांगतो.

‘ऑप्टिमायझेशन टाइप’मध्ये ग्रॅव्हिटी निवडा. ते सगळे पीस एका बाजूला दाबत नेतं आणि दुसऱ्या टोकाला सलग पट्टा उरतो. तो पट्टा पुढच्या ऑर्डरला कामी येतो.

‘मर्ज कॉमन लाइन्स’ म्हणजे दोन पीसांची कड एकच करून एकदाच कापणं. लेझरला ते फायद्याचं आहे. राउटरच्या कामात बंद ठेवा, कारण बिटची रुंदी दोघांपैकी एकाच्या अंगातून जाते.

स्टार्ट केलं की पहिली मांडणी पटकन येते. थांबू नका. हे सॉफ्टवेअर मांडणीचे क्रम पुन्हा पुन्हा बदलून, त्यातले चांगले निवडून पुढे जातं. पहिल्या काही मिनिटांत मोठी सुधारणा होते, मग थोडी थोडी. जेवण आटोपून या. सर्वोत्तम मांडणीची हमी कोणतंच सॉफ्टवेअर देत नाही, महागडंही नाही, कारण पीस वाढले की शक्य मांडण्यांची संख्या कोणत्याही कॉम्प्युटरच्या आवाक्याबाहेर जाते. तुम्हाला सर्वोत्तम नको आहे, तीनची दोन शीट करणारी हवी आहे. ती मिळाली की थांबवा. किती शीट लागल्या आणि किती पीस बसले हे स्क्रीनवर दिसतं. एक पीस बाहेर राहिला असेल तर तो तसाच सोडून एक्सपोर्ट होऊ शकतो, म्हणून हा आकडा बघूनच फाईल काढा.

एक युक्ती हाताशी ठेवा. पायांच्या जोडीच्या पीसमध्ये, दोन पायांच्या मध्ये मोकळी जागा असते. तसाच दुसरा पीस उलटा करून त्याचा एक पाय या जागेत घुसवता येतो का ते आधी स्वतःच इंकस्केपमध्ये बघा. जुळणी साधली की ते दोन्ही मिळून एकच पीस म्हणून डीपनेस्टला द्या आणि पुढच्या-मागच्या पायांचे नग २५-२५ करा. शंभर सुटे आकार शोधण्यापेक्षा पन्नास जुळलेल्या जोड्या मांडणं सॉफ्टवेअरला सोपं जातं, आणि अशी जोडी हेरण्यात माणसाची नजर बऱ्याचदा पुढे असते.

ग्रेनची दिशा

८×४ च्या शीटवर वरच्या थराच्या रेषा, म्हणजे ग्रेन, बहुधा आठ फुटांच्या बाजूने जातात. प्लायचे थर आलटूनपालटून आडवे-उभे असतात, पण थरांची संख्या विषम असल्यामुळे वरच्या रेषांच्या दिशेने प्लाय जास्त ताठ असते. बैलाचे पाय, शिंगं, खुर्चीचे हात असे अरुंद लांब पीस या रेषांच्या दिशेने कापले गेले पाहिजेत. आडवे कापलेले बारीक शिंग मुलाच्या हातून पहिल्या दिवशी मोडतं.

म्हणून अशा पीसांसाठी रोटेशन २ ठेवा आणि ड्रॉइंगमध्येच त्यांची दिशा नीट लावून घ्या. डीपनेस्टमध्ये हा आकडा सगळ्या पीसांना एकच लागतो, ही त्यातली मोठी उणीव. रस्ता असा: पाय आणि शिंगं रोटेशन २ ने एका शीटवर, पाट आणि इतर भाग रोटेशन ४ ने दुसऱ्यावर. सागवान व्हीनिअरची प्लाय असेल तर सगळंच २ वर ठेवा, कारण तिथे रेषांची दिशा डोळ्यांनाही दिसते.

सहावी पायरी: मशीनवाल्याशी बोलणं

हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला किंवा लकडगंज-इतवारीकडे सीएनसी राउटरवर जॉबवर्क करणारे शोधा. फाईल घेऊन थेट जाऊ नका, आधी फोन करून विचारा. बेडची साइझ काय आहे, ८×४ ची पूर्ण शीट चढते का? बिट कितीचा लावता? फाईल डीएक्सएफ चालेल का आणि कोणत्या आवृत्तीची? शीट धरायला व्हॅक्यूम आहे की स्क्रू मारता? स्क्रू मारत असतील तर ते कुठे मारायचे ती जागा नेस्टिंगमध्ये मोकळी सोडावी लागते, नाहीतर बिट स्क्रूवर जातो. पैसे तासाचे घेता की फुटाचे? शीट खराब झाली तर कोणाची?

‘भाऊ, नेस्टिंग आम्हीच करून देतो,’ असंही काही जण म्हणतात. हरकत नाही, पण कापण्याआधी मांडणीचा स्क्रीनशॉट मागा आणि ग्रेन तपासा. तुमची प्लाय वाचवण्याची तळमळ तुम्हाला जितकी, तितकी दुसऱ्याला नसणार.

छोटे पीस सुटून उडू नयेत म्हणून मध्ये मध्ये न कापलेले बारीक पूल सोडतात, त्यांना टॅब म्हणतात. शिंगासारख्या पीसाला दोन तरी टॅब हवेत, आणि ते टोकाला नकोत, सरळ कडेला हवेत, म्हणजे घासून काढता येतात.

सीएनसी नसेल तर

नेस्टिंग तरीही करा. मांडणी पीडीएफमध्ये काढून प्लॉटरवर खऱ्या मापात छापून घ्या. ३६ इंची रोलवर शीटची पूर्ण चार फूट रुंदी मावत नाही, म्हणून दोन पट्ट्यांत छापा आणि जोडायला दोन्हींवर खुणा ठेवा. छापून आल्यावर १०० चा चौकोन पट्टीने मोजा. प्रिंट करताना ‘फिट टू पेज’ लागलेलं असलं तर तो लहान निघेल. कागद हलक्या गोंदाने चिकटवून जिगसॉने कापा. नग जास्त असतील तर प्रत्येक आकाराचा एक एमडीएफचा फर्मा करून घ्या, मांडणीचा छोटा प्रिंट समोर ठेवा आणि फर्म्याने शीटवर मार्किंग करा. नाका-तोंडावर मास्क लावूनच कापा, प्लायची धूळ छातीत बसते.

पैसे कधी मोजायचे?

डीपनेस्ट फक्त मांडणी करतं. मशीनला लागणारा मार्ग, म्हणजे टूलपाथ, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काढावा लागतो. स्वतःची राउटर मशीन घेतली की ही ये-जा त्रासाची होते. तेव्हा व्हेक्ट्रिक कंपनीचं कट२डी प्रो किंवा व्हीकार्व्ह प्रो बघा. खऱ्या आकारांचं नेस्टिंग आणि टूलपाथ दोन्ही एकाच ठिकाणी मिळतं, आणि लायसन्स एकदाच घ्यायचं असतं, दर महिन्याचं भाडं नाही. ‘प्रो’ हा शब्द महत्त्वाचा. व्हीकार्व्हच्या स्वस्त डेस्कटॉप आवृत्तीला कामाच्या आकाराची २५ × २५ इंचाची मर्यादा आहे, ८×४ ची शीट तिच्यात एकसंध मावत नाही. ट्रायल फुकट मिळते, आपले बैल तिच्यात टाकून बघा आणि डीपनेस्टच्या मांडणीशी शीटमध्ये तुलना करा.

फुकट पर्यायांमध्ये फ्रीकॅडही आहे. त्यात नेस्टिंगचं साधन आणि टूलपाथ काढायचा कॅम विभाग दोन्ही आहेत, पण शिकायला वेळ लागतो. ऑटोडेस्कच्या फ्यूजन या ड्रॉइंग आणि टूलपाथच्या सॉफ्टवेअरची वैयक्तिक आवृत्ती फुकट दिसते म्हणून धंद्याला वापरू नका, तिच्या अटी हौशी कामापुरत्याच आहेत.

घ्यायचं की नाही याचा हिशोब सोपा आहे. धरा, सॉफ्टवेअर सगळे कर मिळून ६०,००० रुपयांना पडतं आणि तुमची प्लाय ९० रुपये फुटाची, म्हणजे शीट २,८८० ची. खर्च निघायला २१ शीट वाचल्या पाहिजेत, आणि त्याही डीपनेस्टपेक्षा जास्त वाचलेल्या, हातमांडणीपेक्षा नव्हे. वर्षाला ३० शीटचं काम असेल तर हे जमणार नाही. महिन्याला तेवढं असेल तर नक्की विचार करा, आणि टूलपाथचा वाचलेला वेळही त्यात धरा.

बाजारात ‘सगळं टाकून देतो’ म्हणत पेनड्राइव्हवर तोडलेली सॉफ्टवेअर देणारे भेटतील. आर्टकॅम या कोरीवकामाच्या सॉफ्टवेअरचं नाव त्यात हमखास असतं. ऑटोडेस्कने आर्टकॅम २०१८ मध्येच बंद केलं आणि त्याची पुढची वाट कार्व्हेको या नावाने चालू आहे. तोडलेल्या फाईलबरोबर व्हायरस येतो, अपडेट येत नाही, आणि ऐन सीझनमध्ये कॉम्प्युटर बसला तर दाद मागायला जागा नसते. फुकटात इतकी चांगली साधनं असताना ही जोखीम घेऊ नये, असं मी मनापासून सांगतो.

उरलेल्या तुकड्यांची वही

कापून झालं की ग्रॅव्हिटीने सोडलेला पट्टा मोजा, त्यावर जाडी, ग्रेड आणि माप मार्करने लिहा आणि वहीत नोंद करा. पुढच्या ऑर्डरला डीपनेस्टमध्ये पूर्ण शीटच्या आधी हा तुकडा शीट म्हणून टाका. तुकडा वेडावाकडा असला तरी चालतं, त्याची बाह्यरेषा काढून दिली की डीपनेस्ट त्यातही पीस बसवतं. किती लहान तुकडा ठेवायचा याचा नियम आपल्या कामावरून ठरवा. बैलाच्या धंद्यात शिंगांची जोडी आणि दोन चाकं मावतात तो तुकडा ठेवायचा, त्याहून लहान सरळ सरपणात.